बुसान एका दिवसात उरकू नका

पत्र: नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं कोरियाला चाललोय, मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगी. मुलगी टीवायला आहे, के-ड्रामा आणि बीटीएस या कोरियन बँडचं वेड, तिच्यामुळेच सगळं ठरलं. आठ रात्री आहेत आणि आठही सोलमध्ये. मध्ये एक दिवस टूरवाल्याने बुसान टाकलंय, सकाळच्या ट्रेनने जायचं, सात ठिकाणं बघायची, रात्री परत. मुलगी म्हणते बुसानला जास्त दिवस हवेत. मिस्टर मूळचे मालवणचे, त्यांना तिथला मासळी बाजार बघायचाच आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, शिवाय माळ घातलीय त्यामुळे मासे-अंडं काहीही चालत नाही. त्या म्हणतात समुद्रच बघायचा तर एवढं लांब कशाला जायचं. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, पहिलं काम म्हणजे तो एक दिवसाचा बुसान प्लॅनमधून काढून टाका आणि त्याच्या जागी बुसानच्या चार रात्री घाला. चार सोल, चार बुसान. सोल ते बुसान केटीएक्स ट्रेनने अडीच ते पावणेतीन तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच तास ट्रेनमध्येच गेले, त्यात हॉटेल ते स्टेशन धरा, मग उरलेल्या वेळात सात ठिकाणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा आणि पळायचं. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तर बसमधून उतर-चढ करण्यातच दिवस जाणार.

दुसरं असं की बुसानचा नकाशा बघितलात तर कळेल, हे शहर एका जागी नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरलेत आणि त्यांच्या मधल्या खोबणींत वस्त्या बसल्यात, त्यामुळे सगळं लांबच लांब पसरलंय. पूर्वेकडचा हेउंदे बीच आणि जुन्या बंदराकडचा नाम्पो भाग यांच्यात मेट्रोने जवळजवळ तास जातो. टूरवाले एकाच दिवसात पूर्वेचं देऊळ, पश्चिमेची रंगीत वस्ती, परत पूर्वेचा बीच असं फिरवतात, तेव्हा निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो. माझं एकच सांगणं आहे, रोज शहराची एकच बाजू धरा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा, समुद्राकाठी नुसतं बसायला.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं. त्या म्हणतात ते बरोबर आहे, कोकणातल्या माणसाला समुद्राचं काय कौतुक, वाळू आणि लाटा तर मालवणातही आहेत आणि पाणी तिथं जास्त कोमट आहे. पण या समुद्रकाठी काय घडलं ते त्यांना आधी सांगा, मग बघा त्यांना जावंसं वाटतंय का. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने हल्ला केला, तीन दिवसांत सोल पडलं आणि त्या उन्हाळ्यात देशाचा आग्नेयेकडचा एक कोपरा सोडून सगळं हातचं गेलं. त्या कोपऱ्यातलं मोठं बंदर म्हणजे बुसान. युद्धाच्या काळात बरेच महिने तीच देशाची तात्पुरती राजधानी होती. उत्तरेकडून, सोलकडून लाखो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी इथं आली आणि सपाट जागा उरली नाही म्हणून डोंगरउतारावर पत्रा, फळकुटं, पुठ्ठे जे मिळेल त्याची घरं बांधून राहिली. आज तुमची मुलगी ज्या रंगीत वस्तीचे फोटो मोबाईलवर बघते ना, गामचॉन, ती त्यातलीच. गुकजे नावाचं मार्केट आहे, तिथं निर्वासितांनी सैन्याकडून आलेल्या मालाचा धंदा करून पोट भरलं. मिल्म्यॉन म्हणून गार शेवयांचा जो इथला खास पदार्थ आहे तोही तसाच जन्मला, उत्तरेकडे या शेवया बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाच्या करायचे, ते मिळेना म्हणून मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या केल्या. म्हणजे ज्या गोष्टी आज टुरिस्ट लोक हौसेने बघतात-खातात त्यांतल्या बऱ्याच अडचणीतून आल्यात. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते यामुळे, आणि हे माहीत नसताना तिथं गेलं तर नुसत्या रंगीत भिंती दिसतात.

आणि यात आपलाही एक धागा आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये भारताची ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे सैन्याचं फिरतं हॉस्पिटल, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली याच बंदरात उतरली. भारताने लढायला सैन्य पाठवलं नव्हतं, डॉक्टर आणि मदतनीस पाठवले होते, आणि ते युद्ध संपेपर्यंत तिथं राहिले. बुसानमध्ये संयुक्त राष्ट्रांची युद्ध-दफनभूमी आहे, १९५१ साली सुरू झालेली, जगात अशी ही एकच. तेवीसशेच्या आसपास कबरी आहेत, हिरवळ, गुलाबाची झाडं, सगळ्या सहभागी देशांचे झेंडे, आणि एका काळ्या भिंतीवर चाळीस हजारांहून जास्त मेलेल्या सैनिकांची नावं. मेट्रोच्या लाईन २ वर देयॉन स्टेशन, तिथून पंधरा मिनिटं चालत, नाहीतर सरळ टॅक्सी करा. जागा बऱ्यापैकी सपाट आहे, सासूबाईंना काही त्रास होणार नाही. टूरवाल्यांच्या यादीत हे सहसा नसतं. तुम्ही घाला, तासभर पुरतो, आणि लेकीला रंगराजांची गोष्ट तिथंच उभं राहून सांगा.

राहायचं कुठे? तीन पर्याय लोक सांगतात. सॉम्यॉन हे मध्यवर्ती, लाईन १ आणि २ तिथं मिळतात, स्वस्त पडतं, पण समुद्र दिसत नाही. हेउंदे म्हणजे मोठमोठी हॉटेलं, सगळ्यात प्रसिद्ध बीच, गर्दी. मी तुम्हाला ग्वांगाल्ली सांगेन. बीच हेउंदेपेक्षा लहान आहे पण समोर समुद्रावर ग्वांगान पूल आहे, २००३ मध्ये सुरू झालेला, सात किलोमीटरहून लांब, दुमजली, आणि रात्री त्यावर दिवे लागतात तेव्हा कट्ट्यावर बसून तास-दोन तास कसे जातात कळत नाही. सासूबाई दमून हॉटेलवर थांबल्या तरी खिडकीतून तेच दिसेल. दर शनिवारी संध्याकाळी तिथं शेकडो ड्रोन उडवून आकाशात चित्रं काढतात, फुकट, ऑक्टोबरात साधारण सात आणि नऊ वाजता असे दोन खेळ असतात, वारा जास्त असला तर रद्द होतो. म्हणून तुमच्या चार रात्रींमध्ये शनिवार येईल असंच बसवा, आणि शनिवारच्या रात्रीचं हॉटेल आधी बुक करा कारण दर वाढतात.

एक दिवस पूर्वेचा. सकाळी लवकर हेदोंग योंगगुंगसा या बौद्ध देवळात जा. कोरियातली जुनी देवळं बहुतेक डोंगरात आहेत, हे मात्र थेट समुद्राच्या खडकांवर बांधलंय, भरतीला लाटा पायथ्याशी येऊन आपटतात. १३७६ साली नाओंग नावाच्या भिक्षूने स्थापलं असं मानतात, आणि हा नाओंग ज्या गुरूंकडे शिकला ते जीगोंग, म्हणजे ध्यानभद्र, भारतातून गेलेले भिक्षू होते. पुढे १५९२ च्या जपानी स्वारीत देऊळ जळलं, आत्ताचं बांधकाम विसाव्या शतकातलं. सासूबाईंना ही सांगड नक्की आवडेल. आता खरी अडचण, देवळात जायला १०८ पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे येताना चढ. जमणारच नाही असं नाही, पण दहानंतर गर्दी इतकी होते की पायऱ्यांवर थांबून दम घ्यायलाही जागा नसते, मागून लोक ढकलतात, म्हणून आठच्या आत पोचा. टॅक्सीने जा. चौघांत टॅक्सी फार महाग पडत नाही आणि सकाळची ती धावपळ वाचते.

देवळावरून सोंगजॉंग बीचला या, तिथं चहा-कॉफी घ्या, सर्फिंग करणारी पोरं बघत बसा, मग तिथून बीच ट्रेन पकडा. पूर्वी किनाऱ्याने एक रेल्वे लाईन जायची, ती आत हलवली तेव्हा जुन्या रुळांवर २०२० मध्ये ही टुरिस्ट ट्रेन सुरू केली, सोंगजॉंग ते मिपो, पाचेक किलोमीटर, बाकं समुद्राकडे तोंड करून. सासूबाईंसाठी अख्ख्या ट्रिपमधली ही सगळ्यात आरामाची गोष्ट असेल. चॉंगसापो स्टेशनला उतरा, तिथून मिपोपर्यंत वरच्या रुळांवर छोट्या रंगीत कॅप्सूल चालतात, चार माणसांच्या, अर्धा तास एकदम हळूहळू जातात, आणि मुलीने त्या शंभर वेळा मोबाईलवर बघितल्या असतील. तुम्ही बरोबर चौघं आहात म्हणजे एक कॅप्सूल पूर्ण तुमची. पण त्याचं बुकिंग ऑनलाईन आधी करा, ऐनवेळी खिडकीवर गेलात तर संध्याकाळच्या वेळा संपलेल्या असतात. मिपोला उतरलं की समोर हेउंदे बीच, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला दोंगबेक नावाची टेकडी, पूर्वी बेट होतं. तिथं २००५ ची एपेक, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांची, परिषद भरली ती गोल काचेची इमारत आहे, झाडीतून डांबरी रस्ता जातो, चालायला सोपा. बीचजवळच्या उंच इमारतीच्या शंभराव्या मजल्यावरून शहर बघायचं तिकीट काढायला लोक सांगतील. माझ्या मते नको, तेवढ्या पैशात चौघांचं जेवण होईल आणि समुद्र खालूनच चांगला दिसतो.

दुसरा दिवस जुन्या शहराचा, आणि हा मिस्टरांचा. लाईन १ वर जागाल्ची स्टेशन, उतरलं की वासावरूनच बाजार सापडतो. सात मजली मोठी इमारत आहे, पण खरी मजा बाहेरच्या गल्लीत, तिथं टबांमध्ये जिवंत मासे, ऑक्टोपस, शिंपले, कालवं आणि असे काही प्राणी ज्यांना आपल्याकडे नावच नाही, आणि विकणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका, पन्नाशी-साठी-सत्तरीच्या, रबरी बूट आणि एप्रन घालून, मोठ्या आवाजात गिऱ्हाईक बोलावणाऱ्या. आपल्या बंदरावरच्या कोळणींशी त्यांचं नातं सांगावं लागणार नाही, मिस्टरांना बघताक्षणी कळेल. युद्धाच्या वेळी घरातली कर्ती माणसं गेली तेव्हा या धंद्यावर बायकांनी घरं सांभाळली, ती परंपरा. बुसानचा अधिकृत शहर-मासा कोणता माहितीये? बांगड्याच्या कुळातला मॅकरेल. कोरियात पकडला जाणारा बहुतेक मॅकरेल इथल्याच लिलावात विकला जातो. तो मीठ लावून भाजलेला मागवा, गोदंगओ गुई म्हणायचं, सोबत भात आणि सूप येतं, मालवणी माणसाला तिरफळाची आठवण येईल पण मासा आवडेल. खाली जिवंत मासा निवडून वरच्या मजल्यावर कापून खायची पद्धत आहे, तिथं माशाच्या किमतीवर बसण्याचे आणि चटण्यांचे माणशी वेगळे पैसे लागतात, म्हणून आधीच सगळं मिळून किती ते कॅल्क्युलेटरवर टाईप करून घ्या. आणि कच्चा मासा पोटाला नवीन असतो, पहिल्याच दिवशी खूप खाऊ नये. इमारत महिन्यातल्या काही मंगळवारी बंद असते, त्यामुळे मंगळवार टाळा.

सासूबाईंना बाजारात उभं करू नका, ओली जमीन, निसरडं आणि वास, माळकरी बाईला नकोच ते. त्या वेळात तुम्ही, त्या आणि मुलगी रस्त्यापलीकडे नाम्पोत जा. तिथं बिफ स्क्वेअर आहे, बुसानचा फिल्म फेस्टिव्हल १९९६ मध्ये इथं सुरू झाला, आता मोठे कार्यक्रम सेंटम सिटीतल्या सिनेमा सेंटरला होतात पण चौकात हातांचे ठसे अजून आहेत. आणि तिथल्या गाड्यांवर सिआत होत्तोक मिळतो, तळलेली जाड मैद्याची पोळी, आत वितळलेली साखर, मग कात्रीने फाडून त्यात सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया भरतात. गरम, गोड, आणि शाकाहारी. लाईन मोठी असते, थांबा, वर्थ आहे. जवळच योंगदुसान पार्क, डोंगरावर आहे पण ग्वांगबोक रस्त्यावरून थेट सरकता जिना आहे त्यामुळे गुडघ्यांना काही नाही, वर बाकं आहेत, बंदर दिसतं, आणि नौदलाचा सेनापती यी सुनशिन याचा पुतळा आहे ज्याने त्या १५९२ च्या युद्धात जपानी आरमार हरवलं. मुलीला पुस्तकांची आवड असेल तर बोसुदोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली चालत दहा मिनिटांवर, तीसुद्धा निर्वासितांनीच सुरू केलेली.

गामचॉनला त्याच दिवशी दुपारी जा, आणि कृपा करून टॅक्सीने थेट वरच्या तोंडाशी उतरा. मिनी बस जाते तोसॉंग स्टेशनपासून, पण ती गच्च भरते आणि वळणं घेत चढते, उभं राहून म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. तिथली घरं उतारावर एकाखाली एक अशी आहेत की कुणाचंच घर मागच्याचा उजेड अडवत नाही, एका छोट्या कोरियन पंथाचे लोक आणि निर्वासित यांनी पन्नासच्या दशकात वसवलेली वस्ती, २००९ नंतर कलाकारांनी रंगवली. वरचा मुख्य रस्ता साधारण सपाट आहे, तिथूनच सगळं दिसतं. खाली गल्ल्यांत उतरायच्या पायऱ्या उभ्या आहेत, त्यात सासूबाईंना नेऊ नका, वर एखाद्या कॅफेत बसवा, मुलगी फिरून येईल. बीटीएसचे जिमिन आणि जंगकुक दोघंही बुसानचे, त्यांचं मोठं भित्तिचित्र तिथं आहे, लाईन लावून फोटो काढावा लागतो. ‘लिटल प्रिन्स’ या गोष्टीतल्या मुलाच्या पुतळ्याशेजारच्या फोटोसाठीची लाईन तर तासभराची पण असू शकते, ती सोडा. एक मात्र मुलीला बजावून सांगा, तिथं माणसं राहतात. वाळत घातलेले कपडे, उघडी दारं, आत बसलेल्या आजी यांचे फोटो काढायचे नाहीत आणि गल्लीत आवाज चढवायचा नाही. लोकांच्या घरादारातून आपण चालतोय ही जाणीव हवीच.

तिसरा दिवस यॉंगदो बेट. शनिवार असेल तर दुपारी जुन्या पुलापाशी थांबा, १९३४ चा पूल आहे, जहाजांना वाट द्यायला त्याचा एक भाग उचलायचे, १९६६ ला ते बंद झालं आणि २०१३ पासून परत सुरू केलं, शनिवारी दुपारी उचलतात, वेळ तेवढी आदल्या दिवशी बघून घ्या. पळापळीत ताटातूट झालेली कुटुंबं एकमेकांना सांगून ठेवायची, बुसानला पोचलो तर यॉंगदोच्या पुलावर भेटू, कारण तेवढा एकच पूल सगळ्यांना माहीत होता. मग आलेली माणसं पुलाच्या कठड्याला नावांच्या चिठ्ठ्या लावून दिवसेंदिवस वाट बघायची. हे माहीत असलं की पूल उचलताना बघायला वेगळंच वाटतं. बेटाच्या टोकाला तेजॉंगदे, उंच कडे, दीपगृह, पाइन्सची झाडी, आणि त्यातून फिरणारी दानुबी नावाची छोटी रस्त्यावरची ट्रेन, तिकीट काढून मध्ये कुठेही उतरायचं आणि पुढची पकडायची. हवा स्वच्छ असेल तर जपानचं त्सुशिमा बेट दिसतं, पन्नास किलोमीटरवर आहे फक्त. कड्याखाली हेन्यो, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका, आपण काढलेले शिंपले-कालवं विकायला बसतात, पण तिथं उतरायला पायऱ्या खूप, त्या फक्त मिस्टरांनी उतराव्यात.

चौथ्या दिवशी निम्मा वेळ दोंगनेला द्या, हे मी खास सासूबाईंसाठी सांगतेय. गरम पाण्याचे झरे आहेत, शिला या जुन्या कोरियन राज्याच्या काळापासून प्रसिद्ध. मोठ्या स्नानगृहांत कपडे पूर्ण काढून सगळ्यांसोबत बसावं लागतं, बायकांचं वेगळं असतं तरी आपल्याकडच्या बहुतेक बायकांना अवघड वाटतं, नाही वाटलं तर जरूर जा, अंग हलकं होतं. पण तिथं रस्त्याकडेला पाय बुडवून बसायचं उघडं कुंडही आहे, फुकट, सलवार वर करून बसायचं, शेजारी कोरियन आज्या असतात. उघडं आहे का ते निघताना हॉटेलवर विचारून घ्या. चार दिवस चाललेल्या गुडघ्यांना याहून चांगलं काही नाही. उरलेला वेळ वर सांगितलेल्या दफनभूमीला.

हे सोडून मुलीला अजून हौस असेल तर शहराच्या सीमेवर गिमहे आहे, सासांगहून लाईट रेल जाते, सुरो राजाच्या समाधीच्या नावाचंच स्टेशन आहे. तेराव्या शतकातल्या सामगुक युसा ग्रंथात अशी कथा आहे की इ.स. ४८ मध्ये अयुता नावाच्या देशाची राजकन्या जहाजाने आली आणि सुरो राजाची राणी झाली, हो ह्वांगओक. अयुता म्हणजे अयोध्या असं बरेच लोक मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही आहे. इतिहासकार याला आख्यायिकाच म्हणतात, पण आजही लाखो कोरियन स्वतःला तिचे वंशज मानतात. तिच्या समाधीशेजारी लालसर दगडांचा एक छोटा स्तूप आहे, समुद्र शांत राहावा म्हणून तिने जहाजात आणलेले दगड अशी समजूत. आणि हो, मुंबई आणि बुसान १९७७ पासून अधिकृत भगिनी शहरं आहेत, हे सासूबाईंना सांगा, म्हणजे परक्या गावी चाललोय असं वाटायला नको.

खाण्याचं नीट ऐका कारण घरच्या म्हाताऱ्या माणसाची ट्रिप जेवणावर ठरते. बुसानचा मुख्य पदार्थ म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्शातला भात, त्यामुळे कुठल्याही हॉटेलात शिरून शाकाहारी मिळेल ही आशा नको. किमचीतसुद्धा बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचं पाणी असतं, तोकबोक्कीचा रस्सा सुकटीच्या पाण्याचा असतो, भाजीचं दिसणारं सूपही. चालेल असं काय? बिबिमबाप, भातावर वेगवेगळ्या भाज्या, पण मांस आणि अंडं काढून मागायचं. "गोगी, हेसान्मुल, ग्येरान प्पेजुसेयो" म्हणजे मांस, समुद्रातलं आणि अंडं नको, हे मुलीला कोरियन अक्षरांत मोबाईलवर लिहून ठेवायला सांगा, दाखवलं की झालं, बोलायची गरज नाही. जुक म्हणजे आपल्या पेजेसारखं, त्यातलं भोपळ्याचं होबाकजुक आणि लाल चवळीसारख्या दाण्याचं गोडसर पातजुक ही दोन शाकाहारी असतात, आणि दमलेल्या माणसाला फार बरी वाटतात. शरदात भाजलेली रताळी आणि चेस्टनट रस्त्यावर मिळतात. तयार भाताचे डबे कुठल्याही चोवीस तासांच्या दुकानात मिळतात, तिथंच मायक्रोवेव्ह असतो. तुम्ही घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पोह्याची आणि उपम्याची पाकिटं न्या. पण मांस, ताजी फळं, भाज्या, बिया विमानतळावर काढून घेतात आणि दुधाचे पदार्थही टाळाच, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवा. एखाद-दुसऱ्या संध्याकाळी हेउंदेला इंडियन रेस्टॉरंटमध्ये जा, पोळी-डाळ मिळते, सासूबाईंचा चेहरा बघा तेव्हा.

बाकी पटापट. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो, मुंबईतून होतो, तिकिटांआधी चौकशी करा. गूगल मॅप तिथं चालण्याचे रस्ते नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप टाकून घ्या. मेट्रो-बसला चालणारी टी-मनी कार्डं चौघांची चार घ्या, त्यात पैसे भरायला रोख वॉन लागतात. मेट्रोत डब्याच्या टोकाच्या सीट वयस्करांच्या, सासूबाईंना तिथं बसवा आणि तुम्ही मोकळी दिसली तरी बसू नका. टिप द्यायची नसते. ऑक्टोबरात दिवसा विशीतलं तापमान असतं, छान ऊन, पण संध्याकाळी समुद्रावर वारा बोचतो, सासूबाईंची शाल आणि कानटोपी हवीच. तारखा ठरवण्याआधी चुसॉक बघा, त्यांचा पिकाचा सण, चांद्र पंचांगाने कधी सप्टेंबरात कधी ऑक्टोबरात येतो, त्या दिवसांत अर्धा देश गावी निघालेला असतो, ट्रेन फुल आणि बरीच दुकानं बंद.

टूरवाल्याला आजच फोन करा आणि सोलच्या चार रात्री कॅन्सल करायला सांगा, ऐकत नसेल तर हॉटेलं स्वतः बुक करा, अवघड नाही. परतीचं विमान बुसानच्या गिमहे विमानतळावरून एखाद्या आशियाई शहरामार्गे मिळतंय का तेही विचारा, म्हणजे सोलला उलटं जायचा दिवस वाचेल. केटीएक्सची तिकिटं साधारण महिनाभर आधी सुटतात, त्याच दिवशी काढा, आणि चार सीट समोरासमोर मागा, मध्ये टेबल असतं, सासूबाईंना डबा उघडून बसता येईल.